साउथ ब्लॉकमधली दोन दालनं : पंतप्रधान, परराष्ट्र धोरण आणि आपल्या मातीतले दोन चव्हाण

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा ओघ मात्र शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारलं, "अहो, सांगलीच्या माणसाला परराष्ट्र धोरणाचं काय पडलंय? इथे ऊस, हळद आणि बेदाण्याचं बोला." मी म्हटलं, बेदाण्यावरही बोलणारच आहे, पण शेवटी. आधी आपण देवराष्ट्रेला जाऊ.

सागरेश्वरच्या डोंगराजवळचं देवराष्ट्रे गाव तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. १२ मार्च १९१३ रोजी तिथे, आजोळी, यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे, त्यामुळे ते कुणाचे यावर सातारकर आणि सांगलीकर दोघंही हक्क सांगतात. (हशा) मुख्यमंत्री यशवंतराव आपल्याला पाठ आहेत. पंचायत राज, सहकार, मंगलकलश, सगळं. संरक्षणमंत्री म्हटलं की 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' हे वाक्य लगेच आठवतं. पण ते ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ या काळात भारताचे परराष्ट्रमंत्री होते, ही गोष्ट आपण पटकन सांगत नाही. असं का होतं? मला वाटतं, याच प्रश्नाच्या उत्तरात आजचा विषय आहे. इतकं मोठं खातं एवढा मोठा माणूस अडीच वर्षं सांभाळतो आणि लोकांच्या आठवणीत त्या काळचं परराष्ट्र धोरण मात्र इंदिरा गांधींचं राहतं.

आता दिल्लीतली ती इमारत डोळ्यासमोर आणा. साउथ ब्लॉक. कित्येक दशकं एकाच इमारतीत पंतप्रधानांचं कार्यालय, परराष्ट्र खातं आणि संरक्षण खातं अशी तिन्ही होती. एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत जायला काही मिनिटं पुरतात. पण निर्णय कुठल्या दालनात होतो, हे राज्यघटनेत लिहिलेलं नाही. ते पंतप्रधान कोण आहे, त्याच्या पाठीशी किती खासदार आहेत आणि तो कुणाचं ऐकतो, यावर ठरतं. परराष्ट्र धोरण ही मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी आहे, हे पुस्तकातलं वाक्य झालं.

पंडित नेहरूंपासून सुरुवात करू. १९४६ च्या हंगामी सरकारपासून मे १९६४ मध्ये निधन होईपर्यंत परराष्ट्र खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. म्हणजे दोन दालनं होती, पण त्यांत बसणारा माणूस एकच. याचे फायदे होते. जग नुकतंच दोन गटांत विभागलं होतं, आपला देश नवा आणि गरीब होता, आणि तरी कोरियापासून सुएझपर्यंत भारताचं म्हणणं ऐकलं जात होतं ते बऱ्याच अंशी नेहरूंच्या व्यक्तिमत्त्वामुळे. अलिप्ततेचं धोरण त्यांच्या वाचनातून, त्यांच्या इतिहासाच्या जाणिवेतून आलेलं होतं.

तोटा मात्र १९६२ ला कळला. पंतप्रधानाच्या मताला खात्यातून विरोध व्हायचा तर तो कुणी करायचा? परराष्ट्रमंत्री वेगळा असता तर निदान एक माणूस अधिकाराने म्हणू शकला असता की, पंडितजी, चीनबद्दलचा आपला अंदाज मला पटत नाही. संरक्षण खात्यात कृष्ण मेनन होते, ते नेहरूंच्याच विश्वासातले. वेगळं बोलणारे लोक नव्हते असं नाही. पण त्यांच्या बोलण्याचं निर्णयात रूपांतर व्हायची वाटच नव्हती. चीन मोठं युद्ध करणार नाही, या एका गृहीतकावर सीमेवर चौक्या पुढे सरकत राहिल्या. ऑक्टोबरात हल्ला झाला. नोव्हेंबरात मेनन गेले आणि त्या जागी मुंबईहून यशवंतरावांना बोलावणं आलं. त्यांचा शपथविधी झाला २१ नोव्हेंबर १९६२ ला, आणि त्याच दिवशी चीनचा एकतर्फी युद्धविराम लागू झाला. सह्याद्री पोचला तेव्हा तोफा थांबल्या होत्या. पुढचं काम जास्त कठीण होतं. हरलेलं सैन्य पुन्हा उभं करायचं होतं.

तेव्हा यशवंतराव खासदारही नव्हते. पुढच्या वर्षी नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले. नाशिकची गोष्ट मी मुद्दाम काढली. सैन्य उभं करायला शस्त्रं हवीत, आणि शस्त्रं कुणाकडून घ्यायची हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न असतो. मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. आपल्याला एफ-१०४ ही लढाऊ विमानं हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. ते तिकडे असतानाच नेहरूंच्या निधनाची बातमी आली. अमेरिकेने ती विमानं काही दिली नाहीत. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. रशियाशी मिग विमानांची बोलणी आधीपासून सुरू होती, ती पुढे सरकली, आणि मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. आज ओझरवरून जाताना आपण कारखान्याचं फाटक बघतो. पण एका महासत्तेने नकार दिला आणि दुसरीने होकार दिला, याची ती खूण आहे. पुढची कितीतरी वर्षं आपलं हवाई दल रशियन बनावटीच्या विमानांवर राहिलं आणि आपलं परराष्ट्र धोरणही त्या बाजूला झुकलं. एकदा विमान घेतलं की त्याचे सुटे भागही तिथूनच आणावे लागतात. हे ट्रॅक्टर घेणाऱ्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही.

नेहरूंनंतर लालबहादूर शास्त्री. शास्त्रीजींनी सुरुवातीला परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं, पण महिन्याभरात प्रकृती बिघडली आणि जुलै १९६४ मध्ये ते सरदार स्वर्णसिंगांकडे गेलं. वरून दिसतं की पंतप्रधानांचा हात सैल झाला. पण त्याच वेळी शास्त्रीजींनी आणखी एक गोष्ट केली. एल. के. झा यांच्यासारखा ज्येष्ठ अधिकारी आपला सचिव नेमला. पंतप्रधानांचं सचिवालय खऱ्या अर्थाने उभं राहायला सुरुवात झाली ती इथून. आज आपण ज्याला 'पीएमओ' म्हणतो, त्याचं बीज सगळ्यात नम्र पंतप्रधानाच्या काळात पडलं, याची मला गंमत वाटते.

१९६५ चं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात घुसले. दुपारी लष्करप्रमुख आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. हवाई दल वापरायचं का? १९६२ मध्ये लढाईसाठी ते वापरलंच नव्हतं. वापरलं तर युद्ध वाढणार, जगभरातून दबाव येणार. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याइतका वेळ नव्हता. यशवंतरावांनी परवानगी दिली आणि संध्याकाळी पठाणकोटवरून विमानं उडाली. पाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, आपलं सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेलं, आणि तो निर्णय शास्त्रीजींचा होता.

आता यात नेतृत्व कुणाचं? लोक म्हणतात, उंचीने लहान पण मनाने पोलादी. ते खरंच आहे. पण शास्त्रीजींच्या नेतृत्वाची मोठी गोष्ट मला वेगळी वाटते. त्यांचा संरक्षणमंत्री काही मिनिटांत निर्णय घेऊ शकला, कारण पंतप्रधान आपल्या मागे उभे राहतील याची त्याला खात्री होती. जिथे ही खात्री नसते तिथे मंत्री फाईल वर पाठवतो आणि वाट बघत बसतो.

त्याच शास्त्रीजींना जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. यशवंतराव आणि स्वर्णसिंग, दोघंही बरोबर होते. सैनिकांनी रक्त सांडून घेतलेली खिंड परत का द्यायची, हा राग देशात होता, आणि तो समजण्यासारखा होता. पण संयुक्त राष्ट्रांचा ठराव होता, मध्यस्थी रशियाची होती आणि आपलं धान्य अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होतं. घरात गहू नसलेला पंतप्रधान परदेशात किती ताणून धरणार? १० जानेवारीला करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले.

इंदिराबाईंच्या काळात सगळं चित्र पालटलं. १९६९ ची काँग्रेसमधली फूट, १९७१ ची निवडणूक, आणि मग पक्षात त्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. पंतप्रधानांच्या सचिवालयात पी. एन. हक्सर होते. १९६८ मध्ये 'रॉ' ही गुप्तचर संस्था स्थापन झाली ती थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. ९ ऑगस्ट १९७१ चा रशियाबरोबरचा मैत्री करार घ्या. सही परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंगांची आहे, पण त्यामागची घडण हक्सर आणि डी. पी. धर यांच्यासारख्या पंतप्रधानांच्या विश्वासातल्या मंडळींची.

तरी १९७१ हे एकहाती नेतृत्वाचं उत्तम उदाहरण आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. एप्रिलमध्ये घाई केली नाही. पावसाळा जाऊ दिला. करार करून पाठ सुरक्षित केली. नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जाऊन निक्सनना भेटून आल्या, मदत मिळणार नाही हे माहीत असूनही. आणि डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध संपलं. यशवंतराव तेव्हा अर्थमंत्री होते. कोटीच्या घरात निर्वासित आलेले, त्यांना खायला घालायचं होतं आणि युद्धाचाही खर्च होता. तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, टपालाला पाच पैशांचं एक जादा तिकीट लावावं लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. परराष्ट्र धोरणाचा खर्च सांगलीच्या घराघरातून पाच-पाच पैशांनी वसूल झाला होता.

मग यशवंतराव ऑक्टोबर १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. पहिल्याच महिन्यात अमेरिकेचे हेन्री किसिंजर दिल्लीत आले. १९७१ नंतर बिघडलेले संबंध थोडे सावरायचे होते. दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाचा करार झाला. एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीमला भारतात सामील करून घेणारं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते यशवंतरावांनीच.

आणि मग २६ जून १९७५ ची सकाळ. रात्रीच राष्ट्रपतींची सही झाली होती, अटकाही सुरू झाल्या होत्या. सकाळी सहाच्या सुमाराला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि तिथे मंत्र्यांना सांगण्यात आलं की आणीबाणी लागू झाली आहे. देशाच्या परराष्ट्रमंत्र्यालाही तेव्हाच सांगितलं गेलं. त्या बैठकीत प्रश्न विचारल्याची नोंद आहे ती स्वर्णसिंगांची. यशवंतरावांची नाही. इथे माझ्यासारखा त्यांच्याबद्दल आदर असणारा माणूस जरा थांबतो. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून काम केलेला, तुरुंग भोगलेला हा साताऱ्याचा कार्यकर्ता. त्याला पुढची पावणेदोन वर्षं जगभरात जाऊन सांगावं लागलं की भारतात सगळं ठीक आहे. मनात काय चाललं असेल? त्यांचं 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबतं. दिल्लीचा भाग लिहायचा राहूनच गेला. त्यामुळे उत्तर त्यांच्या शब्दांत आपल्याला मिळत नाही. मी त्यांना दोषमुक्त करत नाही. मात्र एवढं दिसतं की परराष्ट्रमंत्र्याला घरातला निर्णय विचारत नाहीत आणि बाहेर त्या निर्णयाचं समर्थन त्यालाच करावं लागतं.

पण त्याच काळात एक मोठी गोष्ट झाली. १९६१ पासून चीनमध्ये आपला राजदूत नव्हता. १५ एप्रिल १९७६ रोजी लोकसभेत घोषणा झाली की भारत पुन्हा पेकिंगला राजदूत पाठवणार. के. आर. नारायणन गेले, जे पुढे राष्ट्रपती झाले. ही घोषणा केली यशवंतरावांनी. चीनच्या आक्रमणामुळे ज्यांना मुंबई सोडून दिल्लीला जावं लागलं, त्यांच्याच तोंडून तेरा-चौदा वर्षांनी चीनशी संबंध पूर्ववत करण्याची घोषणा. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तानशीही राजदूत पातळीचे संबंध सुरू झाले आणि जुलैत समझौता एक्सप्रेस धावली. निर्णय अर्थातच इंदिराबाईंचा होता. एखादा दुबळा पंतप्रधान चीनशी असा हात पुढे करायला गेला असता तर विरोधकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. १९७१ जिंकलेल्या बाईंना ते परवडलं. अर्थात त्या वेळी निम्मे विरोधक तुरुंगात होते, हेही विसरू नका.

आता कराडच्या दुसऱ्या चव्हाणांकडे येतो. पृथ्वीराज चव्हाण. २००४ ते २०१० ते पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते. म्हणजे प्रीतिसंगमाच्या गावचा एक माणूस परराष्ट्रमंत्र्याच्या दालनात बसला आणि दुसरा तीस वर्षांनी पंतप्रधानांच्या कार्यालयात. दरम्यान त्या कार्यालयाचं वजन खूप वाढलं होतं. वाजपेयींच्या काळात, १९९८ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद आलं आणि पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र हे पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते.

डॉ. मनमोहनसिंग मृदू बोलणारे आणि आघाडीचं सरकार चालवणारे. लोकसभेत निवडून आलेले नव्हते. तरी अणुकराराच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते पाहा. जुलै २००५ मध्ये वॉशिंग्टनला संयुक्त निवेदन झालं. डाव्यांचा पाठिंबा जाणार हे दिसत होतं. तीन वर्षं ओढाताण चालली. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ तारखेला विश्वासमत झालं, २७५ विरुद्ध २५६. एका परराष्ट्र कराराच्या मुद्द्यावर पंतप्रधानाने आपलं सरकार पणाला लावलं, असं आपल्याकडे फारसं घडलेलं नाही. त्या विश्वासमताच्या वेळी सभागृहात नोटांची बंडलं दाखवली गेली, तेही याच कहाणीत येतं. मी ते झाकत नाही.

पण करार झाला म्हणजे काम झालं असं नसतं. मे २०१० मध्ये अणुअपघाताच्या भरपाईचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, ते पृथ्वीराजबाबांनी. भोपाळ ताजं होतं. अणुभट्टी पुरवणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी टाका, असा संसदेचा आग्रह होता आणि तसं कलम कायद्यात आलं. परदेशी कंपन्या बिचकल्या. आपल्या रत्नागिरीतल्या जैतापूरचा प्रकल्प बघा. स्थानिकांचा विरोध, फ्रेंच कंपनीची अवस्था, भरपाईचा कायदा, विजेचा दर, या सगळ्यात तो अडकला आणि अजून तिथून वीज आलेली नाही. पंतप्रधानाने वॉशिंग्टनला दिलेला शब्द शेवटी माडबनच्या कातळावर येऊन थांबला.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली : "आजच्या पंतप्रधानांबद्दल बोलायला घाबरता का?" (हशा) नाही. दोन उदाहरणं देतो. बांगलादेशाबरोबर भूसीमेचा करार इंदिराजी आणि मुजीब यांनी १९७४ मध्ये केला होता. तो अमलात यायला ४१ वर्षं लागली. मनमोहनसिंगांनी २०११ मध्ये ढाक्याला जाऊन सही केली, पण संसदेत ते पुढे नेऊ शकले नाहीत. तिस्तेचं पाणी तर ममता बॅनर्जींनी अडवलं. २०१५ मध्ये मोदींनी तीच घटनादुरुस्ती एकमताने मंजूर करून घेतली आणि एकशे बासष्ट वेढलेल्या वस्त्यांमधल्या लोकांना देश मिळाला. ही बहुमताची ताकद. दुसरं उदाहरण चीनचं. २०१८ ला वुहान, २०१९ ला मामल्लपुरम, दोन्ही नेत्यांच्या समोरासमोर भेटी, शहाळं, सगळं. आणि जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. नेत्यांच्या मैत्रीवर किती विसंबायचं, हा प्रश्न नेहरूंच्या वेळीही होता. तो मोदींनाही चुकला नाही.

दुसरी चिठ्ठी तासगावहून आलेल्या एका शेतकऱ्याची दिसते : "अफगाणी बेदाणा स्वस्तात येतो, आमचा भाव पडतो, हे कुठल्या धोरणात बसतं?" अगदी ह्याच धोरणात बसतं, दादा. मार्च २००३ मध्ये, वाजपेयी पंतप्रधान असताना, अफगाणिस्तानशी व्यापार सवलतीचा करार झाला. तालिबान नुकतेच गेले होते, काबूलमध्ये आपले पाय रोवायचे होते. पंचवीसेक वर्षं युद्धात होरपळलेल्या देशाकडे विकायला होतं काय? सुका मेवा आणि फळं. म्हणून ३८ वस्तूंवर सवलत दिली, त्यात बेदाणा आहे. पुढे सार्कमधल्या गरीब देशांसाठी सवलती आणखी वाढल्या. दिल्लीच्या नजरेतून तो हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यातला काही भाग तुमच्या रॅकवर वाळणाऱ्या मालाच्या दरातून कापला गेला, आणि सवलत ठरताना त्या टेबलावर तासगाव-सांगलीचं कुणी बसलेलं नव्हतं. तुम्ही हे निवेदन परराष्ट्र खात्याला पाठवाल तर ते वाणिज्य खात्याकडे ढकलतील. आपल्या खासदारांना सांगा, लोकसभेत प्रश्न थेट पंतप्रधानांना उद्देशून विचारा म्हणावं.

तिसरी चिठ्ठी वाचतो. "वेळ संपली आहे." हे संयोजकांचं अक्षर दिसतंय. (हशा)